हवा कुठून जातेय?

यंत्रांच्या पोटात : लेखांक ७

पेंटबॉलच्या मैदानावर मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडणारे यंत्र) बिघडला की ते आधी कानाला कळते. टाकी लावली, की बारीक ‘सुस्स’ सुरू होते आणि थांबायचे नाव घेत नाही. नवखा खेळाडू लगेच ॲलन की शोधू लागतो. मुरलेला खेळाडू गोळ्यांचा डबा उतरवतो, नळी काढून ठेवतो आणि नुसता ऐकत बसतो. आवाज नळीच्या बाजूने येत असेल, तर व्हॉल्व्हमधले सील गेले. टाकी आट्यांवर बसते तिथून येत असेल, तर तिथली ओ-रिंग. शंका उरलीच तर साबणाचे पाणी. गॅसचा सिलिंडर बदलल्यावर घरोघरी होते तीच ही तपासणी, बुडबुडा दिसला की गळती सापडली.

मार्कर हा शब्द बंदुकीला दिलेले सोज्वळ नाव नाही. ‘नेलस्पॉट ००७’ हे यंत्र अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीने डेझी या एअरगनवाल्या कंपनीकडून बनवून घेतले, ते जंगलातली झाडे आणि कळपातली गुरे दुरून रंगाने खुणावण्यासाठी. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जण तेच घेऊन खेळायला उतरले. जिंकला रिची व्हाइट, आणि तोही एकही गोळी न झाडता. त्याच्या व्हॉल्व्हला त्या दिवशी सुट्टीच होती म्हणायची.

आजचे उदाहरण इंडियानातल्या फोर्ट वेनच्या टिपमन कंपनीच्या ‘९८ कस्टम’चे. भाड्याने मार्कर देणाऱ्या मैदानांवर हे मॉडेल वर्षानुवर्षे टिकले, कारण ते दणकट आहे आणि आतली रचना डोळ्यांना सरळ दिसते. घोडा ओढला की मागचा जड बोल्ट, म्हणजेच हॅमर, स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो आणि व्हॉल्व्हच्या दांडीवर आदळतो. दांडीला बसवलेले कप सील क्षणभर जागेवरून उठते. सुटलेल्या वायूपैकी काही पुढे जाऊन गोळी ढकलतो, काही मागे जाऊन त्याच हॅमरला परत जागेवर लोटतो. पुढचा बार आपोआप तयार.

यातली गंमत सील बंद राहण्यात आहे. झाकण आतून लागणाऱ्या कुकरसारखेच हे सील आतल्या दाबानेच जागेवर घट्ट बसते. स्प्रिंग फक्त मदतनीस. दाबही साधासुधा नसतो. २१ अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइडच्या टाकीत दर चौरस इंचाला साधारण ८४० पाउंड भरतात, मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस. गारठ्यात हाच आकडा झपाट्याने उतरतो आणि शून्य अंशाला पाचशेच्या आसपास येतो. थंडीच्या सकाळी गोळी जवळच पडते, तेव्हा व्हॉल्व्ह खोलायची घाई करू नये. तो निर्दोष असतो.

खोलायची वेळ आलीच, तर आधी टाकी काढायची आणि मार्कर सुरक्षित दिशेला धरून दोन-तीन वेळा रिकामा झाडायचा. आत अडकलेला वायू त्याशिवाय जात नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच. मग मार्कर डाव्या कुशीवर निजवून स्क्रू काढले की उजवी बाजू झाकणासारखी उचलली जाते आणि सगळे भाग आपापल्या खाचेत पडून राहतात. याच क्षणी मोबाइलने फोटो काढून ठेवावा. पुढच्या आणि मागच्या बोल्टना जोडणारी काडी कशी बसली होती, हे नंतर हमखास आठवत नाही.

व्हॉल्व्हच्या पोटात महत्त्वाच्या वस्तू तीनच: दांडी, कप सील आणि स्प्रिंग. सीलचा चेहरा उजेडात तिरका धरून बघायचा. चीर, रुतलेला वाळूचा कण किंवा खोल उमटलेले वळे दिसले, तर घासून साफ करण्यात वेळ न घालवता नवे सील घालावे. ते ज्या धातूच्या कडेवर टेकते, त्या कडेला पॉलिश पेपर तर सोडाच, सुईही लावू नये. केसाएवढा ओरखडाही पुढे नव्या सीलला गळायला लावतो. ओ-रिंग काढायला स्क्रू-ड्रायव्हर नको, लाकडी दातकोरणी पुरते.

मार्कर पुन्हा कॉक होत नसेल, तर बहुतेक वेळा गुन्हेगार व्हॉल्व्ह नसतो. मागच्या बोल्टवरची ओ-रिंग सुकलेली किंवा झिजलेली असते, नाहीतर फुटलेल्या गोळीचा चिकट रंग आत जाऊन वाळलेला असतो. हा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने तो ओल्या फडक्याने निघतो. तेल मात्र मार्करसाठी बनवलेलेच, टाकीच्या तोंडातून दोन-चार थेंब. घरात बिजागरीसाठी आणलेला स्प्रे मारायचा मोह होतो, पण पेट्रोलियमयुक्त फवाऱ्याने सीलचे रबर खराब होते.

सील बदलल्यावर गोळीचा वेगही बदलतो. बहुतेक मैदानांची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट असते, त्यामुळे खेळण्याआधी क्रोनोग्राफवर वेग मोजून स्क्रू जुळवावा लागतो.

राहिला एक व्हॉल्व्ह, जो घरी कधीच उघडायचा नाही: टाकीच्या मानेतला. मार्करवरून टाकी फिरवून काढताना तो मार्करला चिकटून राहिला आणि नुसती बाटलीच फिरू लागली, तर आटे संपताच बाटली रॉकेटसारखी सुटते. अमेरिकेत यात माणसे दगावली आहेत. उपाय नेलपॉलिशच्या बाटलीएवढा स्वस्त आहे. टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह यांच्या सांध्यावरून एक सरळ रेघ ओढून ठेवा. काढताना ती रेघ तुटलेली दिसली, तर तिथेच हात थांबवा आणि मार्कर टाकीसकट जाणत्या मेकॅनिककडे न्या.