स्ट्रॉबेरी : चार महिन्यांची पाहुणी

स्ट्रॉबेरी म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर-पाचगणी आठवतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मग मराठवाड्याच्या उन्हात हे फळ येईल का, असं छावणीतले शेजारी मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं : येतं, पण हिवाळ्यापुरतं आणि कुंडीत.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर, तर आपलं शहर ५७० मीटरच्या आसपास. तरीही मुख्य अडचण थंडीची नाही. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की स्ट्रॉबेरीला फुलं धरतात, आणि तेवढी थंडी आपल्याकडेही पडते. अडचण आहे ती मातीची. महाबळेश्वरची तांबडी माती आम्लधर्मी, निचऱ्याची. आपली काळी माती चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी. स्ट्रॉबेरीला मातीचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहा लागतो. चुना वाढला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बोअरचं जड पाणी यात भरच घालतं. अशा वेळी नुसतं शेणखत वाढवून रोप सुधारत नाही.

म्हणून अंगणात जागा असली तरी मी आठ-दहा इंचांची कुंडीच घेतो. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळतो. पाऊस सरला की ऑक्टोबरात रोप लावावं. जिथून पानं फुटतात तो गाभा मातीच्या बरोबरीनं राहिला पाहिजे. गाडला गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. कुंडीला पाच-सहा तास ऊन हवं. पाणी सकाळी, बेतानं, मुळाशी द्यावं. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर ते या रोपांसाठी राखावं. फळ मातीला टेकू नये म्हणून खाली गव्हाचं काड पसरावं.

फूल उमलल्यावर महिनाभरात फळ पिकतं. फळावरचे बारीक दाणे हीच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं खरी फळं. ज्या भागातल्या दाण्यांचं परागीभवन होत नाही, तिथला गर फुगत नाही आणि फळ वेडंवाकडं होतं. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नये. मधमाश्या येत नसतील तर मऊ कुंचला फुलांवर हळूच फिरवावा. तोडल्यावर स्ट्रॉबेरीची गोडी वाढत नाही, तेव्हा पूर्ण लाल होऊ द्यावी. बुलबुलांपासून वाचवायला जाळी घालावी.

मार्चमध्ये ऊन तापलं की रोप मान टाकतं. त्याची हळहळ नको. कुंडीतली माती प्लास्टिकखाली उन्हात तापवून ठेवावी, म्हणजे बुरशी कमी होते. ऑक्टोबरात तिच्यात नवं खत मिसळून नवी रोपं लावावीत.