वाळूच्या चाळणीतून निसटणारा परजीवी

जुलै १९९८. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात विजांचे वादळ झाले आणि ब्रशी क्रीक या ओढ्याकाठच्या मैलापाणी उपसा केंद्राची वीज गेली. पंप थांबले आणि सहा लाख लिटरहून अधिक मैलापाणी ओढ्यात गेले. वस्तीला पाणी पुरवणाऱ्या विहिरी तिथून सुमारे चारशे मीटरवर होत्या. शंभर फुटांहून खोल आणि सिमेंटच्या आवरणात बंदिस्त. तरीही अंदाजे तेराशे ते पंधराशे माणसे जुलाबाने आजारी पडली. कारण निघाले क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी.

जमिनीखालचे पाणी शुद्धच, या आपल्या विश्वासाला ही घटना धक्का देते. ओढ्यातला परजीवी बंद विहिरीत पोहोचला तो जमिनीखालून.

क्रिप्टोस्पोरिडियम शरीराबाहेर पडतो तो टणक कवचाच्या पुटीत. ही पुटी जेमतेम चार ते सहा मायक्रॉनची असते. थंड पाण्यात ती महिनोन्‌महिने जिवंत राहते. शांत पाण्यात सोडली, तर दिवसभरात ती सुमारे तीन सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे एक मीटर उतरायला तिला महिना लागेल. मग वाहत्या नदीत ती तळात शिरते कशी?

तिला नदीच आत ओढते. उथळ पात्रात उभे राहून खाली पाहिले, की वाळूवर लहान लहान लाटांसारख्या वळ्या दिसतात. प्रवाह वळीच्या पुढच्या बाजूवर आदळतो, तिथे दाब वाढतो आणि थोडे पाणी वाळूत शिरते. मागच्या बाजूला दाब कमी असतो, तिथून ते बाहेर येते. पात्राचा तळ असा सतत पाणी आत-बाहेर करत असतो. पाण्याबरोबर आत गेलेल्या पुट्या मात्र सगळ्याच परतत नाहीत. काही कणांच्या बेचक्यात अडकतात, काही वाळूवरच्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराला चिकटतात. तळ त्यांचे कोठार होतो आणि पूर आला की ते कोठार फुटते.

इथवरचा प्रवास तळातल्या तळात झाला. पुट्यांना विहिरीकडे वळवतो तो पंप. उन्हाळ्यात अनेक ठिकाणी काठच्या जमिनीतले पाणी नदीकडे झिरपते. पण काठावरच्या विहिरीतून जोराचा उपसा सुरू झाला, की उतार उलटतो आणि नदी विहिरीकडे झिरपू लागते. हे वाईटच असते असे नाही. जर्मनीतले ड्युसेलडॉर्फ शहर १८७०पासून ऱ्हाइनचे पाणी काठच्या वाळूतून असे गाळून घेते आणि आपल्याकडे हरिद्वारला गंगेकाठच्या विहिरी तेच करतात. बारीक वाळूचा जाड थर आणि पाण्याचा संथ प्रवास असेल, तर बहुतेक पुट्या वाटेतच अडकतात.

यात एक नाजूक बाब आहे. पुटी आणि वाळूचा कण, दोघांवरही सहसा ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. पाण्यातले क्षार हा दुरावा कमी करतात आणि पुटी कणाला चिकटते. मुसळधार पावसाचे जवळजवळ क्षारविरहित पाणी झिरपले, की ही पकड सैल पडते. त्याच वेळी पूर तळावरचा गाळाचा थर खरवडून नेतो. म्हणजे नदी सर्वांत घाण असते, नेमकी तेव्हाच चाळणी दुबळी होते. ब्रशी क्रीकच्या विहिरींना तर वाळूची चाळणीच नव्हती. भोवती होता भेगाळलेला चुनखडक. भेगेतून पाणी गाळले जात नाही, धावते.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागाखाली काळा पाषाण आहे आणि त्यातही पाणी मिळते ते बरेचसे भेगांतून. विहीर खोदणारा कातळातल्या ज्या चिरेतून झरा फुटायची वाट पाहतो, तीच चीर नदीपर्यंत गेली असेल, तर घाणीलाही तोच रस्ता मोकळा असतो. त्यावरचा वाळूचा थर हेच आपले संरक्षण, आणि पात्रातून वाळू उपसताना आपण हेच संरक्षण ट्रकमध्ये भरून विकतो.

विहिरीत टीसीएल पावडर टाकली म्हणजे झाले, असे मानूनही चालणार नाही. तिच्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. क्रिप्टोस्पोरिडियमची पुटी मात्र नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. म्हणून जिवाणूंच्या तपासणीत उत्तीर्ण झालेल्या पाण्यातही ती असू शकते. पाणी खळखळून उकळले, तर मिनिटभरात ती निकामी होते.

पूर येऊन गेल्यावर नदीकाठच्या विहिरीचे पाणी गढूळ झाले, तर नदी न गाळता आत आली आहे, असे समजावे. त्या दिवसांत पाणी उकळूनच प्यावे आणि ग्रामपंचायतीकडे तपासणीचा आग्रह धरावा. पाणी पुन्हा नितळ दिसू लागले म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नये. गाळ डोळ्यांना दिसतो. पाच मायक्रॉनची पुटी दिसत नाही.