मोसंबीच्या बागेतला मॉसफेट

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळईचं पोलाद करणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. भट्टीच्या कॉइलमधली वीज सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट करण्याचं काम थायरिस्टर नावाचे चकतीसारखे भाग करतात. त्याच जिल्ह्यात, अंबड-घनसावंगीच्या मोसंबी पट्ट्यात, पॉलिटेक्निकचा एखादा मुलगा ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी पेटी जुळवतो, तेव्हा त्यालाही बारीक इशाऱ्यावर जाड प्रवाह चालू-बंद करायचा असतो. फक्त अर्ध्या अँपिअरचा. भट्टीचा भाग अनुभवी अभियंते निवडतात. या मुलाचा भाग बहुतेक वेळा दुकानात काय शिल्लक आहे त्यावर ठरतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

मायक्रोकंट्रोलर हा हिशेबाला हुशार, पण ताकदीला कमी. आर्डुइनो ऊनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअर घ्यावेत, 40 ला मर्यादा संपते. ईएसपी32 तर 3.3 व्होल्टवरच चालतो. 12 व्होल्टच्या छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला मात्र 300 ते 500 मिलिअँपिअर लागतात. मधला दुवा म्हणजे ट्रान्झिस्टर.

सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा म्हणजे बीसी547. रात्रपाळीची वीज आली की मोटर चालू करणाऱ्या घरगुती ऑटो-स्टार्टरमध्ये तो उत्तम चालतो, कारण तिथे फक्त रिले ओढायचा असतो. 12 व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण 400 ओहमची, म्हणजे प्रवाह 30 मिलिअँपिअर. बेसला, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाला, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास द्यायचा, 3.3 व्होल्टच्या पिनला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की 2.6 मिलिअँपिअर मिळतात, काम झालं. पण त्याच बीसी547 ला व्हॉल्व्ह जोडला तर तो जातो. त्याची मर्यादाच 100 मिलिअँपिअर आहे.

मग टीआयपी122 सुचवला जातो. हा डार्लिंग्टन, म्हणजे एकात दोन ट्रान्झिस्टर. चालतो खरा, पण वाटेत व्होल्ट खातो. 3 अँपिअरला तो स्वतःवर दोन व्होल्टपर्यंत अडवून धरू शकतो, म्हणजे सहा वॅट नुसती उष्णता. बॅटरी आणि सोलरवर चालणाऱ्या पेटीत ही उधळपट्टी मला पटत नाही. जुन्या पुस्तकांतून आणि प्रोजेक्ट रिपोर्टांतून टीआयपी122 अजून उतरवला जातो तो सवयीमुळे.

राहिला मॉसफेट. बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि डावॉन कांग यांनी 1959 मध्ये तो करून दाखवला. त्याला तीन पाय: गेटवर इशारा द्यायचा, आणि जाड प्रवाह ड्रेन ते सोर्स वाहतो. गेटला सतत प्रवाह लागत नाही, नुसता व्होल्टेज पुरतो. पण किती व्होल्टेज, हा प्रश्न सोडून बाकी सगळं लोक पाहतात.

दुरुस्तीच्या दुकानात मॉसफेट मागितला की आयआरएफझेड44 किंवा आयआरएफ3205 हातात पडतो. यात दुकानदाराची चूक नाही. त्याचा धंदा घरच्या इन्व्हर्टरवर चालतो आणि इन्व्हर्टरमध्ये गेटला दहा-बारा व्होल्ट मिळतात, तिथे हे भाग अगदी योग्य. मुलगा डेटाशीट उघडतो. पहिल्या पानावर 49 अँपिअर, पुढे थ्रेशोल्ड 2 ते 4 व्होल्ट. माझे तर 3.3 आहेत, जमेल, असं त्याला वाटतं. पण तो थ्रेशोल्ड 250 मायक्रोअँपिअरला मोजलेला असतो. कालव्याचं दार किलकिलं होऊन पाणी नुसतं झिरपायला लागावं, तेवढाच त्याचा अर्थ. दार पूर्ण उघडल्याचा आकडा वेगळ्या ओळीत असतो: चालू असतानाचा रोध, आणि त्याशेजारी तो किती गेट व्होल्टेजला मोजलाय ते. आयआरएफझेड44एनच्या त्या ओळीत 10 व्होल्ट लिहिलेत. निवड करायची ती या ओळीवरून.

अर्धवट उघडा मॉसफेट काय करतो, ते 24 ओहमच्या व्हॉल्व्हवर पाहू. 12 पैकी सहा व्होल्ट मॉसफेटवरच अडकले, तर प्रवाह पाव अँपिअर आणि मॉसफेटमध्ये दीड वॅट उष्णता. हीटसिंक नसलेला टीओ-220 आकाराचा भाग वॅटमागे सुमारे 62 अंश तापतो, म्हणजे 93 अंशांची वाढ. मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशीच्या वर असतो; उन्हातल्या बंद पेटीत त्याहून जास्त. असे चार व्हॉल्व्ह एकाच मॉसफेटवर घेतले तर उष्णता सहा वॅटपर्यंत जाऊ शकते, आणि मग भाग जळालाच म्हणून समजा. शिवाय सहा व्होल्टवर व्हॉल्व्ह नीट उघडतही नाही.

आयआरएलझेड44एन हा आयआरएफझेड44एनचा लॉजिक-लेव्हल भाऊ, म्हणजे कंट्रोलरच्या कमी व्होल्टेजलाच उघडणारा. 5 व्होल्टला त्याचा रोध जास्तीत जास्त 25 मिलिओहम, अर्ध्या अँपिअरला उष्णता सहा मिलिवॅट. आर्डुइनोसाठी तोच घ्यावा. ईएसपी32 साठी मात्र त्याचीही हमी 4 व्होल्टपाशी थांबते. तिथे एओ3400ए, तीन मिलिमीटरचा चिमुकला भाग, 2.5 व्होल्टलाही 48 मिलिओहमच्या आत. डाग द्यायला किचकट, पण कामाला चोख.

दुकानातला आयआरएफझेड44 च वापरायचा असेल तर बीसी547 पुढे लावून गेटला 12 व्होल्ट देता येतात. पण एकच बीसी547 लावला की इशारा उलटतो: पिन मोकळी असेल तेव्हा व्हॉल्व्ह उघडा. कंट्रोलर रीसेट होताना, किंवा बिघडल्यावर, पाणी सुरू. आंबे बहारासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडून ताण दिलेला असतो. त्या दिवसांत रात्रभर पाणी सुटलं तर ताण मोडतो, आणि बहाराचं गणित बिघडतं. 2012 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तोडाव्या लागल्या. इथे पाण्याची चूक परवडत नाही. म्हणून एकापाठोपाठ दोन बीसी547 लावावेत, म्हणजे पिन मोकळी राहिली तरी व्हॉल्व्ह बंद राहतो. थेट मॉसफेट लावला असेल तर गेटपासून सोर्सला दहा किलोओहमचा रेझिस्टर तेच काम करतो. कॉइलला उलटा 1एन4007 डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे, हा तर हवाच. नाहीतर बंद करतानाचा झटका मॉसफेटला मारतो. आणि व्हॉल्व्ह 24 व्होल्ट एसीचा असेल, ठिबकात तसे पुष्कळ असतात, तर हा एकटा मॉसफेट उपयोगाचा नाही. रिले किंवा ट्रायॅक घ्यावा.

नकली भागही बाजारात येतात, छाप तीच आणि आतला तुकडा भलताच. म्हणून पेटी शेतात लावण्यापूर्वी व्हॉल्व्ह चालू ठेवून मल्टिमीटरच्या पिना ड्रेन आणि सोर्सला टेकवाव्यात. आयआरएलझेड44एन असेल तर अर्ध्या अँपिअरला दहा-बारा मिलिव्होल्ट दिसायला हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर तो भाग बदलावा.