'लांडगा आला रे आला' ऐकून मुलं खरं बोलायला शिकतात का?

मुलांनी खोटं बोलू नये म्हणून घरोघरी 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सांगितली जाते. पण तिचा उपयोग होतो का?

कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना 'खेळणं चोरून बघायचं नाही' असं सांगून एकटं सोडलं. नंतर एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, 'बघितलंस का?'

लांडग्याच्या गोष्टीने फरक पडला नाही. चेरीचं झाड तोडल्याची कबुली देऊन वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या दंतकथेने मात्र पडला. ती ऐकल्यावर जास्त मुलांनी खरं सांगितलं.

कारण? पहिली गोष्ट खोट्याची शिक्षा दाखवते, दुसरी खऱ्याचं कौतुक. म्हणून घरी दूध सांडल्याचं मुलाने कबूल केलं, तर आधी 'खरं सांगितलंस, छान केलंस' म्हणा. मग पुसायला फडकं हातात द्या.