मंदावलेले इंटरनेट आणि रोजमेळाची शिस्त

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित येऊन वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. छावण्या गेल्या, पण त्यांचे क्रमांक पत्त्यांत राहिले. आज कॅम्प २ म्हटले की गजानन मार्केट आणि तेथील कपड्यांचा व्यापार डोळ्यांसमोर येतो. या व्यापाराचा मोठा भाग आता दुकानाच्या गादीवरून उठून घरातल्या राउटरपाशी आला आहे. नव्या मालाची छायाचित्रे परगावच्या व्यापाऱ्यांना धाडणे, ई-वे बिल काढणे, बँकेचे व्यवहार पाहणे ही कामे रात्री घरी बसून होतात. त्याच वेळी मुलांची शिकवणी आणि आजी-आजोबांचे ऑनलाइन प्रवचनही त्याच तारेवर चाललेले असते.

म्हणून मंद इंटरनेट ही केवळ करमणुकीतली अडचण राहत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ साठी ११ आणि जीएसटीआर-३बी साठी २० ही तारीख पाळावी लागते. ३बी चुकल्यास दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क लागते आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज चढते. शेवटच्या रात्री पडद्यावर चक्र फिरत राहिले, तर त्याचा भुर्दंड थेट वहीत नावे पडतो.

तक्रार करण्यापूर्वी मापाचा घोळ मिटवावा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर संगणक फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. वार आणि मीटर एकच समजून कापडाचा हिशेब करावा, तशीच ही चूक आहे. दुसरी गोष्ट डेटा-मर्यादेची. योजनेतील ठरावीक डेटा संपल्यावर अनेक कंपन्या वेग कमी करतात. महिनाअखेरीसच मंदी येत असेल, तर आधी योजनेच्या अटी वाचाव्यात.

यानंतरची कसोटी सर्वांत महत्त्वाची. लॅपटॉप राउटरला तारेने जोडावा, घरातील इतर सर्व उपकरणे इंटरनेटपासून तोडावीत आणि मगच वेग मोजावा. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास अशी तीन मोजणी तीन दिवस करावीत. तारेवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर मंद असेल, तर दोष घरात आहे. तारेवरही वेग कमी असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. या एका निवाड्याने तंत्रज्ञाची निष्फळ फेरी आणि ग्राहकाचा वाया जाणारा दिवस, दोन्ही वाचतात.

घरातील दोष बहुतेक साधे असतात. राउटर लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा मायक्रोवेव्हजवळ ठेवलेला असतो; तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळा ठेवावा. वाय-फायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा संदेश भिंती ओलांडून दूर पोहोचतो, पण दाट वस्तीत शेजारपाजारच्या राउटरांची त्यावर गर्दी होते. त्यात १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून त्यांतील कमी गर्दीचे निवडावे. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला, तरी भिंतींपुढे लवकर थकतो. ज्या खोलीत राउटर आहे तेथे तोच वापरावा. राउटरचे पोर्ट किंवा तार जुनी असेल, तर ३०० एमबीपीएसची योजना घेऊनही १०० च्या पुढे जाता येत नाही. शिवाय दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण घरच्या संगणकावर सतत उतरत नाही ना, मोबाइल आपोआप छायाचित्रे वर चढवत नाहीत ना, आणि वाय-फायचा पासवर्ड अर्ध्या इमारतीला ठाऊक नाही ना, हेही पाहावे.

बाहेरचा दोष ओळखण्यास फायबरच्या पेटीवरील दिवे उपयोगी पडतात. ‘पॉन’चा दिवा स्थिर हवा. ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर प्रकाशसंदेश पोहोचत नाही असे समजावे. फायबर दारात चेपली, खिळ्याने दाबली किंवा तीव्र वळणात वाकली, तरी संदेश क्षीण होतो. तंत्रज्ञ आल्यावर प्रकाशाची पातळी किती, हे त्याला आवर्जून विचारावे. हा आकडा ऋण असतो. नेहमीच्या जीपॉन जोडणीत तो उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली गेला, तर जोडणी डळमळीत होते. दिवसा चांगला वेग आणि रात्री मंद, असा नेम दिसला तर कारण निराळे असू शकते. जीपॉनमध्ये सुमारे अडीच गिगाबिटची एकच फायबर ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. पुढे कंपनीची मुख्य जोडणी अपुरी असेल, तर सर्व घरे एकदम जागी झाली की प्रत्येकाचा वाटा घटतो. अशा वेळी राउटर बदलून काहीच साधत नाही.

आता मदतकेंद्राशी बोलण्याविषयी. “राउटर बंद करून पुन्हा चालू करा,” हे वाक्य प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. ते ऐकून संतापण्यात अर्थ नाही. पलीकडचा मुलगा त्याला नेमून दिलेली पायरी पार पाडत असतो. त्याला शांतपणे सांगावे, “दादा, ते दोनदा केले. तारेने मोजले, तीन दिवसांचे आकडे लिहून ठेवले आहेत. योजना १०० ची आहे, रात्री नऊला १२ मिळतात, सकाळी ९५. तक्रार नोंदवून क्रमांक द्या.” आकडे समोर आले की संभाषण लवकर मुद्द्यावर येते. क्रमांक मिळाल्याविना फोन ठेवू नये. तारीख, वेळ, क्रमांक, मिळालेले उत्तर आणि तंत्रज्ञाने सांगितलेला दोष, हे सारे रोजमेळासारखे एका वहीत उतरवावे. वेगमापनाची पडद्यावरील छायाचित्रेही जपून ठेवावीत.

या वहीला कायद्याचे पाठबळ आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मुदतीत निवारण झाले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. या अपिलाला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. त्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोग आहेच. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचांना ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र या प्रत्येक दारी पहिला प्रश्न एकच येतो: पुरावा कोठे आहे?

तोवर धंदा थांबत नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला मोबाइल हॉटस्पॉटसाठी तयार ठेवावा आणि विवरणपत्र अखेरच्या रात्रीवर न टाकता दोन दिवस आधीच भरावे. तक्रार संयमाने लावून धरावी. पैसे मोजून घेतलेला माल मापात मिळतो की नाही हे पाहणे व्यापारी घराच्या अंगवळणी असते. इंटरनेटही तसाच मोजून घ्यायचा माल आहे.