ओवीची चाल आणि तिचे भाव

पहांटेच्या अंधारांत घरोघर जातें फिरूं लागे आणि त्याच्या घरघरींतून ओवीचा स्वर वर येई, हें आतां बहुतेक आठवणीपुरतेंच उरलें आहे. परंतु ओवी फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख सांपडतो. इतकीं शतकें टिकलेल्या या गाण्याची चाल प्रथम ऐकणारास मात्र अगदीं साधी, किंबहुना एकसुरी वाटते. चार-पांच स्वरांचा पल्ला, ठराविक चढउतार आणि तीच पुनरावृत्ति. असें असतां एकाच चालीवर भाऊरायाचें कौतुकही गाइलें जातें आणि सीतेचा वनवासही. आणि दोन्ही वेळां ती चाल त्या प्रसंगासाठींच जन्मली असें वाटतें. हें घडतें कसें?

केवळ शब्दांमुळें, हें उत्तर अपुरें आहे. ओवीची चाल म्हणजे पक्का सांचा नव्हे. रांगोळी काढणारी स्त्री ठिपके तेच ठेवून रेषा निराळी ओढते, तसेंच येथें होतें.

पहिला फरक लयीचा. ही लय टाळ-मृदंगाच्या स्वाधीन नसून दळणारणीच्या दंडांत असते. घास मोठा पडला कीं जातें जड फिरतें व चरण लांबतात. फेरा हलका झाला कीं चालही चपळ होते. माहेरच्या सुखाचे शब्द हलक्या फेऱ्यावर दाटीनें बसतात. दुःखाच्या ओवींत मात्र गाणारी एखादें अक्षर फेराभर लांबविते, मध्येंच ‘बाई’, ‘ग’ असे शब्द पेरते आणि चाल न सोडतां तिला संथ करते.

दुसरा फरक विसाव्याचा. पहिला चरण बहुधा वरच्या स्वरावर अर्धवट थांबतो व पुढचा षड्जाकडे उतरतो. वरचा थांबा आखूड असेल तर ओवी उत्साहानें पुढें धांवते. तोच लांबला तर मनांत प्रश्न उभा राहतो आणि खालचा षड्ज नि:श्वासासारखा भासतो.

तिसरा फरक सर्वांत सूक्ष्म. गंधार नेहमीं एकाच जागीं लागतो असें नाहीं. कोमल व शुद्ध यांच्या मधल्या जागेंत गाणारीचा गळा भावानुरूप वर-खालीं सरकतो. तीच चाल पेटीवर बसविली कीं गंधार एका पट्टीला खिळतो. चाल बरोबर असूनही ओवी हरवते.

लोकधुनेचें हें सामर्थ्य मोठ्या गवयांनींही ओळखलें. क्षयाच्या दुखण्यामुळें १९४८ सालीं देवासला जाऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांच्या कानीं माळव्याचीं लोकगीतें पडत राहिलीं. त्या श्रवणांतून, रागाचें मूळ धुनेंत आहे हा त्यांचा विचार घडला आणि पुढें ‘धुनउगम राग’ जन्मास आले.

पिठाच्या गिरणीनें स्त्रियांच्या दंडावरचें ओझें उतरविलें, याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. पण ओवीच्या लयीचा आधारही त्यासरशी गेला. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहानें शब्द राखले. पुढें हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानें एक लक्षाहून अधिक ओव्या जमल्या व त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. छापील ओवी वाचून सीतेचें दुःख कळतें. तें भाऊरायाच्या कौतुकाशेजारीं एकाच चालींत कसें नांदत होतें, हें ध्वनीवांचून कळत नाहीं. म्हणून ज्या घरांत एखादी आजी अद्याप ओवी म्हणूं शकते, तेथें शब्द लिहून घेण्याआधीं तिचा गळा राखून ठेवावा: पेटीशिवाय, तिच्याच लयींत, आणि शक्य तर मूठभर दाणे घालून जात्यापाशींच बसवून.