टाइलवर ओ, नळीत भलतंच!

कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट सुटताना गेटवर जरा थांबून बघा. प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र आणि त्यावर रक्तगट. बी पॉझिटिव्ह, ओ पॉझिटिव्ह, परत बी. आपल्या देशात बी फार, हे शंभर वर्षांपूर्वीच ध्यानात आलं होतं. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिका आघाडीवर लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर जोडप्यानं देशोदेशीच्या सैनिकांचं रक्त तपासलं. हिंदी शिपायांत शंभरातले चाळीसच्या वर बी गटाचे निघाले, इंग्रजांत दहासुद्धा नाहीत! 1919 साली हे छापून आलं.

गट ठरतो तो चिमूटभरही नसलेल्या साखरेवर. लाल पेशीच्या अंगावर ‘एच’ नावाचा पाया असतो. त्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, दोन्ही असल्या की एबी. पाया नुसता उघडाच राहिला, तर ओ. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरनं 1901 साली सहकाऱ्यांचं आणि स्वतःचं रक्त एकमेकांत मिसळून पहिले तीन गट शोधले. एबी पुढच्या वर्षी इतरांना सापडला. लँडस्टायनरला नोबेल मिळालं ते 1930 मध्ये.

तपासणी बघायला मोठी सुरेख असते. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब. पहिल्यात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारं बिनरंगाचं अँटी-डी. काडीनं कालवायचं, टाइल हळूहळू डोलवायची. रक्त जिथं नासलेल्या दुधासारखं फुटतं, लाल दाणे सुटतात, तो आपला गट. निळ्यात एकसारखं, बाकी दोन्हींत दाणे? मग बी पॉझिटिव्ह. दोन मिनिटांत काम फत्ते.

रक्तपेढी मात्र एवढ्यावर थांबत नाही, आणि ओळखपत्रावर तर मुळीच विसंबत नाही. तिथं उलटी तपासणीही होते. तुमच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, नळीत माहितीतल्या ए, बी आणि ओ पेशींवर घालून बघतात. आपल्या मुंबईचं नाव जगभरच्या रक्तपेढ्यांत गेलं, ते याच उलट्या तपासणीत दिसणाऱ्या गमतीमुळं. टाइलवर ओ दिसणारं रक्त ओच्याच पेशींशी भांडत होतं! डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडलं. या लोकांत एच हा पायाच नसतो. मग ए-बी चढणार कशावर? म्हणून टाइल ‘ओ’ म्हणते. पण त्यांच्या अंगात एचविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार असतात आणि ओच्या पेशींवर तर एच खच्चून भरलेला. त्यांना ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतेल. शहराचं नाव मुंबई झालं, गट मात्र आजही ‘बॉम्बे’च.

युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा, भारतात साधारण दहा हजारांत एक. आता घरचा हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे या तीन गावांत मिळून पन्नासेक जण असायला हवेत. त्यातल्या कितीजणांच्या ओळखपत्रावर नुसतं ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल! म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की ओ गटवाल्यांनी एकदा रक्तपेढीत उलटी तपासणी करून घ्यावी. गरज पडली तर तिथंच अँटी-एच लावून खात्री करता येते.

बॉम्बे गट घरात येतो तो आई-बाप दोघांकडून. दोघांच्या अंगात एकेक सदोष जनुक दडलेलं असतं, त्यांना स्वतःला काहीच जाणवत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडची रीत बघता, असं जनुक दोन्हीकडून जुळून यायची शक्यता वाढते. आणखी एक गोष्ट घरोघरी कळायला हवी. एबी गटाच्या बापाचं मूल टाइलवर ओ दिसलं म्हणून कुणी सुनेवर संशय घेऊ नये. ते मूल बॉम्बे गटाचं असू शकतं.

लाल पेशींची पिशवी फ्रिजमध्ये टिकते 35 ते 42 दिवस. एवढ्या दुर्मीळ रक्ताचा साठा करायचा कसा? त्यामुळं इथं पिशवीपेक्षा फोन नंबरांची यादी मोलाची. पेशंट बॉम्बे निघाला की आधी त्याच्या सख्ख्या भावंडांना बोलावून तपासतात. जगात कुठं नाही एवढी, चारात एक, जुळायची शक्यता त्याच घरात असते.